दारात उभ्या गाडीचा मैला टाकायचा कुठे?

पत्र असं आहे :

"ताई, नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरचे. लष्कर भागातला वाडा सोडून थाटीपूरला घर बांधलं, त्याला बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी आमच्या ह्यांनी आणि दिरांनी मिळून एक टेंपो ट्रॅव्हलर घेतली आणि आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज आणि कमोड बसवून घेतला. पंढरपूर झालं, गाणगापूर झालं. आता गाडी फाटकाच्या आत उभी असते. अण्णांचे, म्हणजे सासऱ्यांचे, गुडघे गेलेत. घरात खालचा संडास देशी आणि कमोड वरच्या मजल्यावर, म्हणून अण्णा रोज सकाळी गाडीतच जातात. रात्री सासूबाईही जातात. कमोडखाली बाहेरून ओढून काढायची वीस लिटरची कॅसेट, म्हणजे मैल्याचा डबा, आहे, ती दोन दिवसांत भरते. सासूबाई म्हणतात ती घरातून न्यायची नाही, वाटेत देवघर आहे. मग हे एका सफाईवाल्याला शंभर रुपये देऊन मागच्या नालीत ओतवतात. शेजारच्या भाभीजींनी '181 वर, मुख्यमंत्री हेल्पलाइनला, तक्रार करीन' म्हणून सांगितलंय. ह्यांच्या डोक्यात आता रेल्वेसारखा बायो-टॉयलेट बसवायचं आलंय. मी कॅसेटमध्ये निळं औषध दुप्पट घालते तरी वास जात नाही, आणि उन्हाळा तर आत्ता कुठे लागलाय. काय करू?
— थाटीपूरची एक सून"

सूनबाई,

आधी नालीचं बोलू. बाकी सगळं आठवडाभर थांबेल, हे थांबणार नाही. उघड्या नालीत ओतलेला मैला चार घरांच्या दारावरून सरकतो, कडेला अडकतो, त्यावर माशा बसतात आणि त्याच माशा तासाभरात कुणाच्या तरी ओट्यावर असतात. कावीळ आणि विषमज्वर अशाच वाटेने घरात शिरतात. नालीचं पाणी पुढे नाल्यात आणि नाला मुरार नदीत किंवा स्वर्णरेखेत. या दोन्ही नद्यांचं काय झालंय, ते ग्वाल्हेरच्या माणसाला मी काय सांगू! भाभीजींनी 181 ला फोन केला तर चूक त्यांची नसेल. उलट आधी तुम्हाला सांगितलं, हा त्यांचा चांगुलपणा. आज संध्याकाळी जाऊन "नालीत ओतणं बंद केलं" एवढं सांगून या. कारणं देत बसू नका.

आता ते शंभर रुपये. 2013 साली केंद्र सरकारने कायदा केला, हाताने मैला उचलण्याच्या कामाला माणूस लावायला बंदी घातली. तुमचे हे म्हणतील, "कॅसेट बंद डबा आहे, हाताने कुठे?" कायद्याचा कीस वकिलांनी काढावा. मला एवढंच दिसतं, की घरच्या वडीलधाऱ्यांचा मैला घरच्यांना उचलवत नाही म्हणून तो दुसऱ्याच्या हातात दिला जातोय, तोही हातमोजे न देता आणि टाकायला नीट जागा न देता. ज्यांनी हौसेने गाडी घेतली त्यांनीच कॅसेट उचलावी. ह्यांनी आणि दिरांनी वार वाटून घ्यावेत. तुम्ही नाही, हे मुद्दाम लिहिते. पत्र तुम्ही लिहिलंत, आता उत्तर वाचून "तुला माहितीये ना सगळं, मग तूच कर" असं होईल, याची मला धास्ती आहे. हा मजकूर त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा.

ओतायचं कुठे, तर जिथे घरचा संडास जातो तिथेच. दुसरी जागा नाही. फक्त तो जातो कुठे, हे आधी बघून घ्या, कारण बऱ्याच घरमालकांना ते माहीत नसतं. "सीवरला जोडलंय" असं बांधताना मिस्त्री बोललेला असतो आणि जोडलेलं असतं मागच्या नालीला. याची सोपी परीक्षा अशी : जिलेबीचा रंग बादलीभर पाण्यात गडद कालवा आणि खालच्या संडासात ओता, मागून दोन बादल्या साधं पाणी. दिराला अंगणातल्या चेंबरचं झाकण उघडून उभं करा, मुलाला नालीकडे पाठवा. रंगीत पाणी चेंबरमधून पुढच्या सीवरच्या चेंबरकडे गेलं तर उत्तम. सेप्टिक टँकमध्ये गेलं तरी चालेल, त्याचं पुढे सांगते. नालीत उतरलं, तर मात्र गाडी राहू द्या बाजूला, तुमच्या अख्ख्या घराचंच जोडकाम चुकलंय आणि ते आधी नीट करावं लागेल. न्हाणीघरातल्या जाळीखाली नाहणी ट्रॅप असतो, बाहेर भिंतीलगत गली ट्रॅप. या दोन्हींत कॅसेट ओतायची नाही. ते आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्यासाठी असतात. कैक घरांत त्यांची वाट संडासाच्या वाटेपेक्षा वेगळी असते आणि जाळीत अडकलेला लगदा मग कुणाला तरी खरवडावा लागतो.

सासूबाईंच्या म्हणण्यावर मी हसले नाही. त्यांचा आक्षेप देवापुरता असला तरी तो आरोग्याच्या बाजूनेही बरोबर आहे : मैल्याचा डबा स्वयंपाकघराच्या आणि बसायच्या खोलीच्या वाटेने नेऊच नये. थाटीपूरच्या घरांना साधारणपणे एका बाजूने मागे जायची चिंचोळी गल्ली असते. ती मोकळी करा. तिथे जुना कूलर, सायकली, कुंड्या असतील. कॅसेट त्या गल्लीने मागे न्यायची आणि मागच्या दाराने थेट खालच्या संडासात, किंवा चेंबर मागेच असेल तर तिथे. वेळ पहाटेची, आंघोळीच्या आधीची. ओतून झालं, हातपाय धुतले, आंघोळ केली की माणूस पूजेला मोकळा. सोवळ्याच्या हिशेबात हे सासूबाईंना पटेल, आणि ह्यांना "संध्याकाळी बघू" म्हणायला जागा राहणार नाही.

भरलेली कॅसेट वीस किलोच्या वर जाते, म्हणून ती पाऊण भरली की काढा, लाल दिव्याची वाट बघू नका. खाली चाकं नसतील तर गॅस सिलिंडरची ट्रॉली चालते. काढण्याआधी कमोडच्या बुडाची सरकती झडप आतून पूर्ण बंद केली आहे ना ते पाहा, नाहीतर कॅसेट निघत नाही आणि ओढाताणीत झडपेचं रबर फाटतं. नेताना आडवी करायची नाही, तोंड वरच ठेवायचं. संडासाच्या भांड्याशी पोचलात की नळी बाहेर फिरवा, झाकण काढून ते कोपऱ्यातल्या मगात ठेवा, कारण ते भांड्यात पडलं तर पुढचं वर्णन मी करत नाही. आता नळीचं तोंड भांड्यात अगदी खाली टेकवा आणि मग अंगठ्याने वरचं हवेचं बटण दाबा. हा क्रम उलटा करू नका, डबा तिरपा होण्याआधी बटण दाबलं तर तिथूनही गळतं. बटण दाबलंच नाही तर डबा आत हवा ओढायला गचके खातो, डबडब करत उसळतो आणि पायावर शिंतोडे येतात. लोकांना या कामाची जी किळस बसते ती बहुधा याच बटणामुळे. अंगठा नीट ठेवला तर धार एकसारखी पडते, वीस लिटर मिनिटभरात रिकामे होतात, हाताला थेंब लागत नाही. शेवटी तीन-चार लिटर पाणी आत घालून, झाकण लावून डबा हलवायचा आणि तेही त्याच भांड्यात ओतायचं. तुळशीच्या कट्ट्याकडे नाही, झाडांना नाही, फाटकाबाहेर नाही. मागून दोन बादल्या पाणी. तिघरा धरणाचं पाणी एक दिवसाआड येत असेल त्या दिवसांत कपडे धुतल्याचं पाणी बादलीत धरून ठेवा, त्याने काम भागतं.

आता निळं औषध. दुप्पट घालताय ते आजपासून बंद करा. ही निळी औषधं मूळची अशा प्रवासासाठी, जिथे डबा चार-पाच दिवस रिकामा करायला मिळत नाही. त्यातल्या कित्येकांत फॉर्मल्डिहाइड किंवा तसंच दुसरं जंतुनाशक असतं. ते वासाचे जंतू मारतं, पण मैला कुजवून पातळ करणारे जंतूही मारतं. सीवरमध्ये जाणाऱ्या पाण्याच्या लोंढ्यात एका घराचं औषध विरून जाईल, पण तुमच्याकडे सेप्टिक टँक निघाला तर त्याचं पोटच बिघडेल. मैला न कुजता साठत जाईल, टँक लवकर भरेल, पाणी शोषखड्ड्यात गाळासकट जाईल आणि खड्डा तुंबेल. शिवाय बंद तापलेल्या गाडीत त्या औषधाची वाफ डोळ्याला झोंबते, अण्णांना ते बरं नाही. बाटली पालथी करून लेबल वाचा. फॉर्मल्डिहाइड किंवा ग्लुटाराल्डिहाइड लिहिलेलं असेल तर ती बाजूला ठेवा. एन्झाइमचं किंवा जिवाणूंचं औषध मिळतं ते आणा आणि लिहिलं असेल तेवढंच घाला. खरं तर घरी उभी गाडी, रोज रिकामी होणारी कॅसेट, तर औषध नसलं तरी फारसं बिघडत नाही. रिकाम्या कॅसेटमध्ये आधी दोन लिटर पाणी घालून ठेवणं मात्र चुकवू नका. कोरड्या तळावर मैला पडला की तो चिकटतो, आणि वासाची खरी सुरुवात तिथून होते.

वासावर लोक फिनेल ओततात, ॲसिड ओततात, ब्लीचिंग पावडर टाकतात. कॅसेटमध्ये यातलं काहीही नको. ॲसिडने आणि ब्लीचने रबरी सील कडक होऊन तडकतात. ब्लीच आणि ॲसिडचा क्लीनर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि ब्लीच लघवीत पडलं तरी झोंबणारी विषारी वाफ निघते. हे सगळं दार लावलेल्या, चार फुटांच्या कोंदट संडासात. आणि उदबत्ती! उघड्या टाकीजवळ उदबत्ती किंवा काडी लावायची नाही. आत कुजून तयार होणाऱ्या वायूत मिथेन असतो.

मग वास का येतो? ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि पत्र्याची बंद गाडी उन्हात त्याहून तापते. उष्णतेने कुजणं वेगाने होतं. शिवाय भांड्याच्या तळाशी झडपेवर जे बोटभर पाणी राहायला हवं, जे वायू वर येऊ देत नाही, ते दुपारपर्यंत उडून जातं. बेसिनखालच्या वाकड्या नळीतलंही पाणी उडतं आणि तिथून सांडपाण्याच्या टाकीचा वास येतो. लोक बिचाऱ्या कमोडला दोष देत बसतात. तर उन्हाळ्यात कॅसेट भरो न भरो, रोज रिकामी करायची. दुपारी एकदा भांड्यात आणि बेसिनमध्ये पेलाभर पाणी टाकायचं. गाडी घराच्या उत्तर बाजूला सावलीत घ्या, निदान वर हिरवी जाळी ताणा. झडपेच्या रबरावरून महिन्यातून एकदा सिलिकॉनचं वंगण बोटाने फिरवा. व्हॅसलीन नको, पेट्रोलियमने रबर फुगतं. आणि झडप उघडताना छतावरचा पंखा बंद असू द्या. तो चालू असला की टाकीतली हवा ओढून थेट बसलेल्या माणसाच्या नाकाशी आणतो.

दोन दिवसांत वीस लिटर भरतात याचं कारण अण्णा किंवा सासूबाई नव्हेत, जेट आहे. कॅसेटच्या कमोडला एका वेळी अर्धा-एक लिटर पाणी पुरतं. जेटचा खटका दाबून धरला की दोन-तीन लिटर सहज जातात. गाडीत जेटऐवजी लहान मग ठेवा. कागद आपल्या घरांत फारसा नसतोच, ते इथे फायद्याचं. ओले वाइप्स, पॅड, कापूस यांतलं काही टाकायचं नाही.

पाण्याच्या नळ्यांबद्दल थोडक्यात, पण लक्ष देऊन वाचा. गाडीची प्यायच्या पाण्याची टाकी ज्या पाइपने भरता, त्या पाइपने कॅसेट धुवायची नाही. कधीही नाही, "फक्त आज" म्हणूनही नाही. दोन वेगळ्या रंगांचे पाइप घ्या आणि दोन वेगळ्या खिळ्यांना टांगा. हातमोजे कॅसेटच्याच कप्प्यात ठेवायचे, डिकीतल्या शिध्याजवळ नाही. भांड्यांचं सांडपाणी मात्र मैल्याइतकं घातक नाही. रोजच्या रोज काढलं तर जास्वंदीला घाला, साठवलं तर दुसऱ्या दिवशी तेही घाण मारतं.

तुमच्याकडे सेप्टिक टँक निघाला, तर रोजची एक कॅसेट त्याला जड नाही. पाच माणसांचं घर दिवसाला त्याच्या कितीतरी पट पाणी फ्लशने आत ढकलतं. औषध तेवढं आवरा. टँक दोन-तीन वर्षांनी उपसायला हवा. तुमचा उपसलेला नसेल, तर नगर निगमची व्हॅक्यूमची गाडी बोलवा. तिचा पाइप आत जातो, माणूस जात नाही. "साहेब, मी उतरून साफ करतो, स्वस्तात होईल" म्हणणारा कुणी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. त्या टँकमधला वायू दोन श्वासांत माणूस आडवा करतो.

ह्यांच्या बायो-टॉयलेटकडे येते. कल्पना वेडगळ नाही, आणि ग्वाल्हेरच्या माणसाला ती सुचावी यात नवल नाही, कारण ते तंत्र तुमच्याच गावचं. झाशी रोडवर डीआरडीओची, म्हणजे संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेची, प्रयोगशाळा आहे, डीआरडीई. तिथल्या शास्त्रज्ञांनी उंचावरच्या थंडीत, जिथे मैला कुजतच नाही, अशा जागी राहणाऱ्या जवानांसाठी थंडीतही काम करणारे जिवाणू आणि त्यांची टाकी तयार केली. पुढे रेल्वेने तेच डब्यांखाली बसवलं, आणि पूर्ण बायो-टॉयलेटची पहिली गाडी जानेवारी 2011 मध्ये धावली ती ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्स्प्रेस. त्याआधी काय होतं ते आपण सगळ्यांनी रुळांकडे वाकून पाहिलेलं आहे. गाडी स्टेशनात उभी असताना शौचालय वापरू नका, अशी पाटी उगीच नव्हती.

पण ती टाकी करते काय? कप्प्याकप्प्यांत हवेशिवाय जगणारे जिवाणू मैला खातात, त्याचा वायू आणि पाणी होतं. वायू उडून जातो, पाणी क्लोरीनच्या कप्प्यातून जाऊन रुळांवर पडतं. म्हणजे पाणी बाहेर पडतंच. वरून जेवढं आत जाईल तेवढंच खालून निघणार. धावत्या रेल्वेला ते परवडतं. तुमची गाडी मात्र फाटकाच्या आत, फरशीवर उभी आहे, ते पाणी तुमच्याच अंगणात ठिबकणार. वर जिवाणूंना मुरायला वेळ आणि जागा लागते, म्हणजे मोठी जड टाकी गाडीखाली लटकवा, आणि सासूबाईंनी एक दिवस चुकून फिनेल ओतलं की सगळे जिवाणू गारद. प्लास्टिकच्या बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्यांनी रेल्वेची बायो-टॉयलेटं कशी तुंबतात, हे प्रवाशांना सांगायला नको. ज्या घराला सीवरच नाही, त्याने जमिनीत बायो-डायजेस्टर, म्हणजे अशीच जिवाणूंची टाकी, जरूर बसवावा. गाडीसाठी तुमची कॅसेट त्याहून शहाणी आहे. ह्यांचे पैसे वाचवा, खाली त्यांना चांगली जागा सांगते.

हे उत्तर इतर गाडीवालेही वाचतील म्हणून एक परिच्छेद त्यांच्यासाठी. कॅसेट नसून गाडीखाली पक्की टाकी असेल, तर घरी उभी असताना जाड पाइप चेंबरला जोडून व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवायचा मोह होतो. तो आवरा. उघड्या व्हॉल्व्हमधून पातळ तेवढं वाहून जातं आणि घट्ट मागे राहून त्याचा ढीग वाळतो, मग तो कशानेच सुटत नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी दोन तृतीयांश भरली की एकदम उघडायचा, म्हणजे लोंढ्याबरोबर सगळं जातं. आधी मैल्याची टाकी, मागून सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. पाइपला गाडीकडून चेंबरकडे उतार हवा, मध्ये झोळ नको. चेंबर लांब किंवा उंचावर असेल तर बारा व्होल्टवर चालणारा मॅसरेटर पंप घ्या. तो आतला मैला दळून बागेच्या पाइपएवढ्या नळीतून ढकलतो. पण एक वाइप आत गेला की पंप बसलाच.

आता अण्णांकडे. सूनबाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा मला असं दिसलं की यात गाडीचा प्रश्न निम्माच आहे. गुडघे गेलेला माणूस रोज सकाळी अंगण ओलांडतो, ट्रॅव्हलरची ती उंच पायरी दांडा धरून चढतो, अरुंद दारातून आडवा होऊन आत बसतो. सासूबाई हेच रात्री अंधारात करतात. कॅसेटच्या वासापेक्षा मला त्या पायरीची भीती जास्त वाटते. वरच्या मजल्यावर कमोड आहे आणि खाली माणसं म्हातारी झालीत, हे घर बांधताना कुणाच्या डोक्यात येत नाही. त्यात कुणाची चूक नाही. पण आता ते दिसतंय.

आज-उद्याकडे औषधांच्या किंवा सर्जिकलच्या दुकानातून कमोडची खुर्ची आणा, बैठकीला भोक असलेली, स्टीलच्या पायांची, जी देशी भांड्यावर सरळ ठेवता येते. पायांना रबरी टोप्या असलेली बघून घ्या, ओल्या फरशीवर बाकीच्या सरकतात. भिंतीला दोन्ही बाजूंनी पकडायचे दांडे बसवून घ्या, आणि खोलीपासून संडासापर्यंत रात्रीचा बारका दिवा. एवढ्याने गाडीचा वापर निम्म्यावर येईल. नंतर खालचं देशी भांडं काढून कमोड बसवा. गवंडी आणि प्लंबर मिळून तीन-चार दिवसांचं काम आहे. तेवढे दिवस गाडीतला संडास खरोखर उपयोगाचा, तेव्हा भाभीजींना आधी सांगून ठेवा.

अण्णा नाही म्हणतील. "मला काय झालंय, खुर्ची कसली आणता" म्हणतील. आणि माझा अंदाज, गाडीत त्यांना जरा बरंही वाटत असेल : दार लावलं की कुणी टकटक करत नाही, खिडकीतून अंगण दिसतं. तो विषय तुम्ही काढू नका. सुनेने सासऱ्यांच्या संडासावर बोललं की घरात त्याचं भलतंच होतं. ह्यांना बोलू द्या, तेही "तुमच्यासाठी" न म्हणता. "आईला रात्री अंगणातून जाणं बरं नाही, म्हणून खाली कमोड करतोय" एवढं म्हणाले की अण्णा दुसऱ्या दिवशी स्वतः फरशीचा रंग सांगतील.

आणि बायो-टॉयलेटचे वाचलेले पैसे इथे घाला : खालचा संडास फोडलेलाच आहे, तर प्लंबरला बाहेरच्या सॉइल पाइपला, म्हणजे संडासाच्या नळाला, एक वाय (फाटा) जोडून 110 मिलिमीटरचं तोंड गाडीच्या बाजूच्या भिंतीलगत काढायला सांगा, वर चुडीचं, म्हणजे फिरवून लावायचं, घट्ट झाकण, खाली पाण्याचा ट्रॅप. मग कॅसेट गल्लीतूनही न्यायला नको, गाडीतून काढली की चार पावलांवर ओतली. सासूबाईंना ते तोंड कुठे येणार आहे हे खोदण्याआधी दाखवा, तुळशीपासून लांब. काम मेअखेरच उरकून घ्या. एकदा पाऊस लागला की खोदलेला खड्डा पाण्याने भरतो, आणि मग मिस्त्री "उद्या येतो" म्हणत दसरा उजाडतो.